रेपो उतरला, पण बाँडवरच्या प्लॉटचं काय?

डिसेंबर 2025 मध्ये रिझर्व्ह बँकेने रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या व्याजाने पैसे देते तो दर, 5.25 टक्क्यांवर आणला. व्याज उतरलं की घर आवाक्यात आलं, असं आपल्याकडे लगेच बोललं जातं. हे गणित अर्धवट आहे, आणि इथे अमेरिकेत ते फसलेलं दिसतं.

इथल्या बहुतेक गृहकर्जांचा दर तीस वर्षांसाठी बांधलेला असतो. जानेवारी 2021 मध्ये तो सरासरी 2.65 टक्क्यांपर्यंत उतरला, तेव्हा जो तो चढी बोली लावू लागला आणि किमती भडकल्या. ऑक्टोबर 2023 मध्ये दर 7.79 वर गेला, तरी घरं स्वस्त झाली नाहीत. तीन टक्क्यांचं कर्ज सोडून सात-आठ टक्क्यांचं कोण घेणार? जुन्या मालकांनी घरं विकायलाच काढली नाहीत.

आपल्याकडे फ्लोटिंग, म्हणजे कर्ज चालू असताना वरखाली होणारा दर चालतो. 30 लाख, 20 वर्षं, 7 टक्के दराने हप्ता 23,259 रुपये. दर 9 झाला आणि हप्ता तोच ठेवला, तर कर्ज फिटायला 38 वर्षं लागतील! म्हणून हप्ता वाढवायचा की मुदत, ही निवड कर्जदाराला द्यावी, असं रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2023 मध्ये बजावलं. दर उतरला, तर जमत असेल त्याने हप्ता कमी करून घेऊ नये, मुदत घटू द्यावी.

पण ही चर्चा बँक ज्याला उभं करते त्याच्यापुरती. छत्रपती संभाजीनगरच्या सातारा-देवळाईत किंवा इतर शहरांच्या कडेला एक-दोन गुंठ्यांचा प्लॉट बाँडवर, म्हणजे नोंदणीकृत खरेदीखताशिवाय नुसत्या स्टॅम्प पेपरवर घेणाऱ्या माणसाकडे ना एनए (बिगरशेती) आदेश असतो, ना मंजूर लेआउट (प्लॉट पाडल्याचा नकाशा), ना बांधकाम परवाना. बँक फाईल परत करते. मग पाच लाख शेकडा दोनने उचलले जातात. म्हणजे महिन्याला 10,000 रुपये नुसतं व्याज, मुद्दल जिथल्या तिथे. तेच पाच लाख बँकेकडून 8 टक्क्यांनी 20 वर्षांसाठी मिळाले, तर मुद्दलासकट हप्ता 4,182 रुपये. रेपो पाव टक्का हलल्याने या माणसाचं काय बदलणार?

सरकारी सवलतही त्याच दाराशी अडते. प्रधानमंत्री आवास योजना-शहरी 2.0 मध्ये वर्षाला 9 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना पहिल्या 8 लाख कर्जावर 4 टक्के व्याज अनुदान आहे, कमाल 1.80 लाख रुपये, पाच वार्षिक हप्त्यांत. घराची किंमत 35 लाखांच्या आत हवी. आणि आधी कर्ज मंजूर व्हायला हवं!

म्हणून मराठवाड्यापुरतं मला व्याजापेक्षा गुंठेवारीचं, म्हणजे असे गुंठ्यागुंठ्याने तुकडे पाडून विकलेल्या प्लॉटचं नियमितीकरण मोठं वाटतं. गुंठेवारीच्या 2001 च्या कायद्यात 2021 मध्ये दुरुस्ती झाली आणि 31 डिसेंबर 2020 पर्यंतची बांधकामं त्यात आली. हे काम महापालिका-नगरपालिकांनी वॉर्डावॉर्डात शिबिरं लावून, शुल्क हप्त्याने घेऊन उरकावं. या तारखेनंतर तुकडे पाडून विकलेल्या जमिनीला मात्र माफी नको, नाहीतर नवे बाँड निघतच राहतील.

आणि आज कोणी प्लॉट पाहत असेल, तर इसार देण्याआधी सातबारा, एनए आदेश, मंजूर लेआउट आणि तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट (जमिनीच्या मागच्या व्यवहारांचा तपास) बँकेच्या वकिलाला दाखवावा. वकिलाने नकार दिला, तर विकणाऱ्याने किंमत कितीही उतरवली तरी तो प्लॉट सोडावा.