ई-सील आलंय? आधी प्रिंट काढा!

ई-सील, म्हणजे संस्थेचा डिजिटल शिक्का, लावलेली पीडीएफ तुमच्या कार्यालयातल्या टेबलावर येऊन आदळली, तर घाबरू नका. तिचा बंदोबस्त करता येतो.

सर्वात आधी प्रिंट काढा. कागद हातात आल्याशिवाय त्याला कागदपत्र म्हणायचं तरी कसं? मग त्यावर गोल शिक्का मारा, तिरकं स्कॅन करा आणि ‘अस्सल प्रत’ म्हणून फाइलला लावा. सील म्हणजे कोपऱ्यातलं ते चित्र, हो ना? फाइलच्या बाइट्सवरून काढलेला २५६ बिटांचा हॅश (फाइलचा जणू अंगठ्याचा ठसा), त्यावर संस्थेच्या प्रायव्हेट कीने, म्हणजे गुप्त किल्लीने, केलेली सही, सोबत संस्थेची ओळख पटवणारं डिजिटल प्रमाणपत्र, सील कधी लागलं ते सांगणारा टाइमस्टॅम्प, या भानगडीत कशाला पडा! एक स्वल्पविराम हलला तरी हॅश जुळत नाही म्हणे. असेल. पण प्रिंटरमधून हॅश बाहेर पडत नाही, शाई पडते. आणि ते चित्रही पडतं, जे कुणीही कापून कुठल्याही पत्रावर डकवू शकतो. तपासता येणारं सगळं फेकून द्यायचं आणि डकवता येणारं तेवढं जपून ठेवायचं, याला म्हणतात दक्षता.

पोर्टलवर ५०० केबीची मर्यादा हवीच. लोक फाइल कॉम्प्रेस करतील, सील तुटेल, मग ‘सील अवैध’ असा शेरा मारायला तुम्ही मोकळे.

चार पीडीएफ जोडून एकच मागा. चारही सीलं एका फटक्यात गेली.

पीडीएफ उघडल्यावर सीलपाशी पिवळी खूण दिसली की अर्ज परत. संस्थेच्या प्रमाणपत्राची हमी देणारं मूळ (रूट) प्रमाणपत्र तुमच्याच संगणकाच्या विश्वासयादीत नाही, एवढाच बहुधा तिचा अर्थ असतो, पण लाल काय, पिवळं काय!

‘यावर सही कुणाची?’ हे विचारायला विसरू नका. सही माणसाची, सील संस्थेचं, हा फरक युरोपीय संघाच्या नियमावलीत २०१४ सालीच लिहिलाय. तुम्हाला काय त्याचं.

सील लावणारे असाल, तर टाइमस्टॅम्प वगळा आणि प्रायव्हेट की ठेवलेल्या टोकनचा पिन मॉनिटरवर चिकटवा.

अहो, पुरे झालं आता! मूळ फाइल मागा, जशी मिळाली तशी. पीडीएफ वाचायच्या सॉफ्टवेअरमधलं सह्यांचं पॅनेल उघडा. प्रमाणपत्र कोणत्या संस्थेचं, सील लागल्यावर फाइल बदलली का, सील लागलं त्या वेळी प्रमाणपत्र वैध होतं का, रद्द तर नव्हतं? एवढंच बघायचंय. सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि बराचसा निकाल तेच देतं. ‘आमच्याकडे तशी पद्धत नाही’ म्हणून माणसाला दुसऱ्यांदा हेलपाटा घालायला लावताना लाज वाटू द्या. तुम्ही स्कॅन करून ठेवलेला तो कागद उद्या खोटा निघाला, तर तुमच्या हातात तपासायला काय उरलंय?