हलकी रायफल खांद्याला महाग पडते
'बोल्ट-ॲक्शन (प्रत्येक गोळीनंतर बोल्ट हाताने मागे-पुढे सरकवावा लागतो अशी रायफल) घेताना शक्य तितकी हलकी घ्या', हा रायफल निवडण्यावरच्या एका लेखातला सल्ला अर्धाच खरा आहे. काडतूस तेच ठेवून रायफलचं वजन ३.६ किलोवरून २.७ वर आणलं, की गोळी सुटताना खांद्याला बसणाऱ्या धक्क्याची ऊर्जा सुमारे एक तृतीयांशाने वाढते. .३०८ या मध्यम ताकदीच्या काडतुसात हे निभावतं; .३०० विन मॅग या जास्त ताकदीच्या काडतुसात मात्र खांदा बोलायला लागतो. मी अशीच एक हलकी घेतली होती. दिवसभर चालताना काय सुख! पण सरावाच्या विसाव्या गोळीपर्यंत चाप ओढण्याआधीच डोळे मिटायला लागले, आणि ही खोड एकदा लागली की लवकर सुटत नाही. शिवाय पातळ नळी पटकन तापते, मग तिसरी-चौथी गोळी निशाणापासून सरकली तर दोष नेमाचा की नळीचा, कळत नाही.

दस्ता (रायफलचा खांद्याला टेकणारा भाग) अंगाला बसतो का, हे तर लेखात आलंच नाही. रिकामी असल्याची दोनदा खात्री करून, डोळे मिटून रायफल खांद्याला लावा आणि मग उघडा. रायफलवरच्या दुर्बिणीत पूर्ण वर्तुळ दिसलं नाही, मान ताणावी लागली, तर माझ्या मते ती रायफल तुमची नाही. मग बोल्ट कितीही गुळगुळीत सरकू दे.