आरोग्य शिबिर भरवताय? मग एवढं कराच

परवाच्या आरोग्य शिबिरात दिवसभर पोती वाहणाऱ्या हमालाला 'रोज १०,००० पावलं चालत जा' असा सल्ला मिळाला. (हा आकडा मुळात १९६५ सालच्या एका जपानी पाऊलमापकाच्या नावातला. पण पत्रकात छापलाय म्हणजे खराच!) असं यशस्वी शिबिर तुम्हालाही भरवायचं असेल, तर या घ्या युक्त्या.

कारकून, वेल्डर, नर्स, सगळ्यांना एकच पत्रक वाटा.

'काम काय करता?' हे चुकूनही विचारू नका. रोग्याला हे विचाराच, असं रामाझ्झिनी नावाच्या इटालियन वैद्याने १७०० साली लिहून ठेवलंय. इतकी घाई कशाला?

रात्रपाळीवाल्याला 'लवकर निजे, लवकर उठे' ऐकवा.

ड्रायव्हरला भरपूर पाणी प्यायला सांगा. गाडी कुठे थांबवायची ते त्याचं तो बघेल.

कान तपासायचे तर जोरात विचारा, 'ऐकू येतंय का?' 'हो' म्हणाला की पास. गोंगाटाने कान जातात ते आधी ४,००० हर्ट्झच्या आसपास, म्हणजे उंच पट्टीच्या आवाजांना. बोलणं कळतं, पण 'स', 'श' गळायला लागतात. ते श्रवणचाचणीच्या आलेखात दिसतं. आलेख काढत बसणार कोण?

दगड कापणाऱ्याला पातळ निळा मास्क द्या आणि फोटो काढा. डोळ्यांना दिसते ती धूळ नाकाघशात अडकते. घात करते ती न दिसणारी, चार-पाच मायक्रॉनहून (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बारीक सिलिका, म्हणजे दगडातल्या गारेची धूळ. ती थेट वायुकोशांत उतरते. तिला गिळणाऱ्या पेशीच मरतात, तिथे व्रण धरतो, फुप्फुस घट्ट होत जातं. काम सोडलं तरी हे थांबेलच असं नाही, आणि क्षयाचा धोका वाढतो तो वेगळाच. निळ्या मास्कच्या कडांना फटी असतात हो! एन-९५ सुद्धा दाढीवर घट्ट बसत नाही. आधी पात्यावर पाण्याची धार हवी, धूळ ओढणारा पंखा हवा, मास्क त्यानंतर. आणि संध्याकाळी तीच धूळ कोरड्या झाडूने उडवायची, कपडे हवेच्या पाइपने झटकायचे, हे कुणी थांबवायचं? तुमच्या डॉक्टरांनी त्याला फक्त 'बिडी सोड' म्हटलं. सोडायलाच हवी, पण पाण्याच्या नळीचं काय?

पुरे झाल्या युक्त्या. रक्तदाब आणि साखर मोजून अहवाल भरता आणि त्याला कामगारांचं आरोग्य म्हणता, लाज वाटायला हवी. कामाच्या जागेवर तुमच्यापैकी एकानेही पाऊल टाकलं नाही. त्या हमालाचं पोतं किती किलोचं, एवढं तरी विचारायचं होतं.