घर पाहावे झाडून

आमच्या कामवाल्या मावशी नऊ महिन्यांनी परत आल्या. उंबऱ्यातूनच आत डोकावल्या, पदर नाकाला लावला आणि म्हणाल्या, "दादा, आधी जरा आवरून ठेवा. मग येते मी साफ करायला."

एवढं बोलून त्या जिना उतरल्यासुद्धा. त्यांचं चुकलं असं मला म्हणवत नाही. वीस वर्षं डोंबिवलीतली घरं पाहिलेली बाई ती. पण तिलाही काही सोसण्याची मर्यादा असणारच.

झालं होतं ते असं. मार्चमध्ये बाबा आजारी पडले. तिथून पुढे आम्ही तिघं मुंबईतल्या एका हॉस्पिटलात राहायचो आणि स्वतःच्या घरी पाहुण्यासारखे अधूनमधून येऊन जायचो. जुलै संपता संपता बाबा गेले. तेरावं झाल्यावर ताई आईला 'चार दिवस हवापालट' म्हणून नाशिकला घेऊन गेली. आमची इमारत बिनलिफ्टची, घर तिसऱ्या मजल्यावर आणि आईचे गुडघे त्याहून जुने, त्यामुळे ते चार दिवस डिसेंबरपर्यंत लांबले. मागे उरलो मी. मावशींना मार्चमध्ये "कळवतो" म्हणालो होतो. ते कळवायचं राहून गेलं होतं.

मी आळशी नाही. माझ्या बाजूने शास्त्र होतं. तिन्हीसांजेनंतर केर काढला तर लक्ष्मी घराबाहेर जाते, असं आमच्या आजीपासून सगळे सांगत आले. मी फोर्टमधल्या ऑफिसातून लोकलला लटकत घरी पोचतो रात्री साडेआठला. आता यात माझा काय दोष? रविवार उरायचा, तो आधी हॉस्पिटलात गेला आणि नंतर नाशिकच्या गाडीत. पुढे ऑक्टोबरात दिवाळी आली. दिवाळीच्या धाकाने एरवी माळ्यावरची जळमटंसुद्धा निघतात. पण नातेवाइकांनी बजावलं, "पहिलं वर्ष आहे, दिवाळी करायची नाही हं." मी ती आज्ञा कंदील-फराळापुरती न ठेवता थेट केरसुणीपर्यंत पाळली.

राहता राहिली आई. ती रोज रात्री ताईच्या फोनवरून व्हिडिओ कॉल करायची. त्यासाठी मी घरातली एक भिंत राखून ठेवली होती. फ्रिजच्या शेजारची, चार फूट रुंद. ती मी रोज पुसायचो. नऊला पाच कमी असताना केस विंचरून तिथे उभा राहायचो. अडीच महिने हे सुरळीत चाललं. मग एकदा आई म्हणाली, "तू नेहमी शिक्षा केल्यासारखा तिथेच का उभा असतोस रे?" मी म्हणालो, "इथे रेंज चांगली येते."

आणि एका शनिवारी ताईचा फोन आला. आईचे गुडघे आता जिना चढतील असं डॉक्टर म्हणतात, पुढच्या रविवारी घेऊन येते. मी "वा!" म्हणालो. फोन ठेवून मागे वळून घराकडे पाहिलं, आणि 'वा'चा उरलेला भाग घशातच राहिला.

माझ्या हातात आठ दिवस होते. मंगळवारपासून रजा टाकली. साहेबांनी कारण विचारलं तेव्हा "घरात जरा काम आहे" म्हणालो. ओंकारेश्वरापासून सगळी नर्मदा पायी फिरून येणारा माणूस "जरा चालून आलो" म्हणतो, तसं.

सुरुवात रद्दीपासून केली, कारण दार उघडायला तीच आड येत होती. पेपरवाल्याला बंद कर म्हणून सांगायचंही राहून गेलं होतं. त्यामुळे नऊ महिन्यांचं जग रबरबँडसकट माझ्या दिवाणखान्यात पडून होतं, न उघडलेलं. रद्दीवाल्याने ताणकाट्याला लावून 34 किलो भरवलं. किलोला चौदा रुपये प्रमाणे 476 झाले. पैसे मोजता मोजता त्याची नजर कपाटावरच्या मोठ्या पिवळ्या पाकिटांवर गेली. "एक्स-रे आहेत का? ते पण घेतो. त्याला भाव जास्त आहे." एक्स-रेच्या फिल्ममध्ये थोडी चांदी असते, ती काढून घेतात, असं त्याने समजावलं. आईची जन्मभर तक्रार होती की या माणसाने घरात कधी चांदीचा चमचा आणला नाही. बाबांच्या छातीत एवढी चांदी होती हे तिला ठाऊक असतं, तर थोडी शांत झाली असती. मी पाकिटं परत कपाटावर ठेवली. रद्दीवाला म्हणाला, "राहू द्या, पुढच्या वेळी." त्याला अनुभव असावा.

मग स्वयंपाकघर. तांदळाच्या डब्यात सोंडे झाले होते, हे एक वेळ समजू शकतो. पण रवा! झाकण उघडलं तर रव्याला आतून जाळी धरलेली, आणि डबा उपडा केला तर रवा खाली न पडता केकसारखा अख्खा बाहेर आला. त्यात राहणाऱ्या मंडळींनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती भाडेकरूची नजर नव्हती, मालकाची होती. फ्रिजमध्ये एका वाटीत काहीतरी हिरवं होतं. ती चटणी असू शकते किंवा दही. मी खोलात गेलो नाही, वाटीसकट घंटागाडीत दिली. गाडीवाल्याने विचारलं, "ओला का सुका?" मी म्हणालो, "सुरुवातीला ओला होता."

ओट्यावरच्या चिकटपणासाठी शेजारच्या काकूंनी व्हॉट्सॲपवर उपाय पाठवला: खाण्याचा सोडा टाका, वर व्हिनेगर ओता. ओतलं. असा काही फेस आला की मी भारावून दहा मिनिटं बघत बसलो. फेस बसला, तेल तिथेच. बारावीला रसायनशास्त्रात मला बरे मार्क होते, ते वसूल व्हायला इतकी वर्षं लागली: आम्ल आणि अल्क एकमेकांना खाऊन टाकतात, बुडबुडे हवेत जातात, उरतं बहुतेक पाणी आणि थोडंसं मीठ. म्हणजे आमच्या सोसायटीची वार्षिक सभा. शेवटी कढत पाणी आणि धुण्याचा सोडा घेतला. तेलाचा त्याच्याशी मिळून साबण होतो आणि ते निमूटपणे निघून जातं. दिखावा काही नाही.

मोरीत मात्र रसायनशास्त्र जिवावर बेतलं असतं. बोअरिंगच्या पाण्याने फरशीवर क्षारांचे पांढरे थर चढले होते. मी आधी ब्लीचिंग पावडर पसरून ठेवली. तासाभराने काही फरक दिसेना, म्हणून वर ॲसिडची बाटली रिकामी करणार, तेवढ्यात बाटलीवरची मुंगीएवढी अक्षरं चष्मा वर करून वाचली. हे दोन एकत्र आले की क्लोरीन वायू निघतो. 1915 साली पहिल्या महायुद्धात बेल्जियममधल्या ईप्रच्या रणांगणावर तोच सोडला होता. तिथे निदान मोकळं मैदान होतं. मी तो चार बाय सहाच्या मोरीत, दार लावून, उकिडवा बसून सोडणार होतो. आई रविवारी आली असती, फरशी लख्ख असती आणि चिरंजीव नसते. ब्लीचिंग पावडर बादल्याच्या बादल्या ओतून धुऊन काढली, ॲसिडला दुसऱ्या दिवसाची तारीख दिली.

गुरुवारी गॅलरीचं दार उघडलं आणि आतून कोणीतरी घुमलं. बाबांसाठी आणलेली कमोडची खुर्ची आम्ही तिथे ठेवली होती. त्यांनी ती अकरा दिवस वापरली, तेही नाक मुरडत. आता तिच्यावर काटक्या, झाडूचे हीर आणि एक निळी वायर यांचं घरटं होतं, त्यात दोन अंडी, आणि अंड्यांवर एक कबूतर अध्यक्षासारखं बसलेलं. दादरच्या कबुतरखान्यावर, दाणे टाकणं बंद करायला, 2025 च्या ऑगस्टमध्ये ताडपत्री चढली, तेव्हा तिथली काही कुटुंबं परवडणाऱ्या घराच्या शोधात मध्य रेल्वेने इकडे आली असावीत, असा माझा दाट संशय आहे. आपणही तसेच आलो होतो की!

कबुतराची विष्ठा फुप्फुसांना वाईट, हे बाबांच्या आजारपणात डॉक्टरांकडून चांगलं ऐकलेलं. पण अंडी उबायला अठरा एक दिवस लागतात, पिल्लं उडायला वर महिनाभर, आणि माझ्याकडे होते तीन. त्या रात्री कॉलवर आईने विचारलं, "मागे कोण घुमतंय?" मी सगळं खरं सांगून टाकलं. म्हणजे कबुतरापुरतं. ती क्षणभर गप्प बसली आणि म्हणाली, "बाळंतीण आहे ना? मग राहू दे. गॅलरीचं दार लावून घे. आणि त्या खुर्चीचा कुणाला तरी उपयोग झाला म्हणायचा."

शुक्रवारी बाबांचा खण उपसला. अर्ध्या संपलेल्या गोळ्यांच्या चौदा पट्ट्या. प्रत्येकीवर चिकटपट्टी, तिच्यावर बारीक अक्षरात तारीख आणि 'जेवणानंतर' किंवा 'झोपताना'. एकीवर 'कशासाठी ते विचारणे' असं लिहिलं होतं. ते विचारायचं राहून गेलेलं दिसलं. म्हणजे हा गुण मला कुठून आला ते कळलं. खणात याशिवाय डब्यांची बिनडब्याची झाकणं, बॉलपेनच्या रिफिली, दोऱ्याची रिळं, खिळे, 'उपयोगी पडेल' या जातीचं सगळं. मी मन घट्ट केलं आणि गोळ्यांसकट, झाकणांसकट अख्खा खण रिकामा केला. थांबलो असतो तर आतच बसून राहिलो असतो.

शनिवारी मावशी आल्या, लादी पुसली, कोपऱ्यात बोटं घातली. "आता दिसतंय घरासारखं," म्हणाल्या. मला दहावीच्या निकालालासुद्धा इतकं बरं वाटलं नव्हतं.

आणि रविवारी आई आली. तीन मजले, प्रत्येक जिन्यावर एक विश्रांती. मी श्वास रोखून उभा. तिने फडताळावरून बोट फिरवलं नाही, मोरीत डोकावली नाही, व्हिडिओवाल्या भिंतीकडे नुसतं हसून पाहिलं. सरळ स्वयंपाकघरात गेली, चहा टाकला आणि दाराआड टांगलेल्या कालनिर्णयसमोर उभी राहिली.

कालनिर्णय मी पुसलं होतं, पण उलटलं नव्हतं. मार्चच वर होता. तीन तारखेच्या चौकोनात बाबांनी पेन्सिलीने लिहिलेलं: 'गॅस लावला.' ती पेन्सिल सुतळीने बाजूच्या खिळ्याला बांधलेली, कुणी पळवू नये म्हणून.

"नंतरचा कधी लावलास?" आईने विचारलं.

"तोच आहे."

"तोच म्हणजे?"

"बाबांनी लावलेला."

आई सिलिंडरकडे बघत राहिली. तिघांच्या घरात सव्वा महिन्यात संपणारा 14.2 किलोचा सिलिंडर नऊ महिने पुरला होता. आठ दिवस मी घराचा कानाकोपरा घासला, पण साक्षीदार ओट्याखाली तसाच बसून होता.

"म्हणजे चहावर होतास," ती म्हणाली. मी काही बोललो नाही. तिने कुकर काढला.

मंगळवारी संध्याकाळी वरणाची दुसरी शिट्टी झाली आणि निळी ज्योत बारीक होत होत गेली. मी भरलेला सिलिंडर ओढून आणला, रेग्युलेटर बसवला, साबणाच्या पाण्याने गळती तपासली, बाबा तपासायचे तशी. आईने कालनिर्णयची पानं उलटून डिसेंबर वर काढला, सुतळीची पेन्सिल हातात घेतली आणि कागदावर टेकवली. उमटेना.

"टोक मोडलंय," ती म्हणाली. "यांचं टोकयंत्र दे बघू. खणात असतं."

मी खण उघडला. मग दुसरा. मग कपाट, माळा, देवघराखालचा कप्पा. घर इतकं स्वच्छ होतं की त्यात काहीही सापडेना.