‘संगणकाला अर्थ कळत नाही, हे सिद्ध झालंय’: कुठे झालंय?

एक मजकूर सध्या सगळीकडे फिरतोय. संगणकाला शब्दांचा अर्थ कळत नाही आणि कधीच कळणार नाही, हे म्हणे सिद्ध झालं आहे. पुराव्यादाखल पाच कारणं दिली आहेत. निष्कर्षावर मी एक वेळ वाद घालणार नाही, पण कारणं लंगडी आहेत.

‘संगणकाला फक्त शून्य आणि एक कळतं.’ मग मेंदूतल्या एकेका पेशीला तरी काय कळतं? तीही विजेच्या बारीक झटक्यांवरच चालते. विटेला खोली नसते, म्हणून घरालाही नसणार, अशातला हा प्रकार.

‘तो फक्त पुढचा शब्द ओळखतो.’ भाषेची प्रारूपं (गप्पा मारणाऱ्या, मजकूर लिहिणाऱ्या संगणकांमागची यंत्रणा) शिकतात ती अशीच, हे खरं. गोची ‘फक्त’मध्ये आहे. ही वाक्यं बघा. ‘सुमनने माधवीला पुस्तक परत केलं, कारण तिचं वाचून झालं होतं.’ ‘सुमनने माधवीला पुस्तक परत केलं, कारण तिला ते हवं होतं.’ पहिल्यात ‘ती’ म्हणजे सुमन, दुसऱ्यात माधवी. इथे व्याकरण कामाला येत नाही. पुस्तकांची देवघेव कशी चालते ते माहीत असावं लागतं. संगणकशास्त्रज्ञ टेरी विनोग्राड यांनी १९७२ मध्ये इंग्रजीतून अशी जोडी मांडली होती आणि पुढे हेक्टर लेव्हेक यांनी अशा जोड्यांची परीक्षाच सुचवली. यंत्रं तिथे बरीच वर्षं अडखळली, आता बहुतेक जोड्या सोडवतात. (काही जोड्या त्यांनी आधीच वाचलेल्या असणार, ही शंका रास्त आहे. नुसत्या गुणांवर भाळू नये.)

त्याहून बोलका आहे ऑथेल्लो या काळ्या-पांढऱ्या सोंगट्यांच्या पटावरच्या खेळाचा प्रयोग. केनेथ ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका प्रारूपाला त्या खेळातल्या चालींच्या नुसत्या याद्या दिल्या. पट दाखवला नाही, नियम सांगितले नाहीत; पुढची चाल ओळख, एवढंच काम. नंतर आत डोकावून पाहिलं, तर कुठल्या घरात कोणती सोंगटी आहे याची नोंद तिथे तयार झालेली होती. ती नोंद बाहेरून बदलली, तर प्रारूपाच्या चालीही तशाच बदलल्या! म्हणजे अंदाज बरोबर यावा म्हणून त्याने पट आपल्याआपणच मांडून घेतला होता. एका खेळावरून अख्ख्या भाषेबद्दल बोलता येत नाही, मान्य. पण ‘फक्त’ हा शब्द आता तितका निर्धास्तपणे वापरता येणार नाही.

‘जॉन सर्ल यांनी हे १९८० मध्येच सिद्ध केलं.’ सर्ल हे तत्त्वज्ञ. त्यांची ‘चिनी खोली’ ही कल्पना अशी : आत बसलेल्या माणसाला चिनी येत नाही, पण नियमांचं पुस्तक बघून तो चिनी प्रश्नांना चोख उत्तरं देतो. त्याला चिनी कळतं का? नाही. मग यंत्रालाही नाही. ही कल्पना भन्नाट आहे, पण ती सिद्धता नव्हे. लेख छापला त्याच अंकात वीसहून अधिक जाणकारांचे अभिप्राय आले आणि त्यांतले अनेक विरोधी होते. एक आक्षेप असा, की माणसाला एकट्याला कळत नसेल, पण माणूस, पुस्तक आणि खोली मिळून कळत असेल. सर्ल म्हणाले, माणसाने सगळं पुस्तक पाठ केलं तरी त्याला चिनी येणार नाही. मला हे उत्तर पुरेसं वाटत नाही. इतकं अजस्र पुस्तक पाठ असलेल्या माणसाच्या डोक्यात काय चालेल, हे आपण आरामखुर्चीत बसून कसं ठरवणार?

‘लाल रंग पाहिलाच नाही, त्याला लाल काय कळणार?’ यात मात्र दम आहे. मनाचे अभ्यासक स्टीव्हन हार्नाड यांनी १९९० मध्ये हाच प्रश्न नीट मांडला : शब्दांचा अर्थ शब्दांतच शोधत राहिलं, तर जमिनीला पाय कधी लागणार? तरी ‘डोकावणं’ आणि ‘न्याहाळणं’ यांतला फरक जन्मांध माणसालाही ठाऊक असतो, आणि तो बराचसा इतरांच्या बोलण्यातूनच आलेला असतो. अर्थात त्याला देह आहे, स्पर्श आहे. यंत्राला तेही नाही.

राहिलं पाचवं कारण : यंत्राच्या ‘हास्यास्पद चुका’. त्या होतात, आपल्याही होतात.

त्या मजकुरात नसलेला एक मुद्दा मला या पाचांपेक्षा वजनदार वाटतो. मराठीत आपण ‘शब्द देतो’. दिलेला शब्द मोडला तर आपली पत जाते, माणसं दुरावतात. ‘उद्या नक्की’ असं यंत्रही लिहितं, पण उद्या काही झालं नाही तर त्याचं काय जातं?