पाटी लागत नाही, म्हणून पैसा मिळत नाही
देणगीदारांनी वह्या-दप्तरांच्या पुढे जाऊन धोरण आणि लोकसहभाग यांवरही खर्च करावा, असं एका लेखात वाचलं. मुद्दा पटला. पण अडतं कुठे ते सांगतो. मी नंदुरबार जिल्ह्यातल्या शहाद्याचा. आमच्याकडे 'स्मरणार्थ' म्हणून बाकडं मागा, पाणपोई मागा, लगेच मिळते. नावाची पाटी लागते ना! सातपुड्यातल्या वनहक्क दाव्यांसाठी, म्हणजे लोक कसत आलेल्या वनजमिनीवरचा त्यांचा हक्क मिळवण्यासाठी मागा, कोणी फिरकत नाही.

२००६ च्या वनहक्क कायद्याप्रमाणे दावा आधी ग्रामसभेत, मग उपविभागीय समितीकडे, मग जिल्हा समितीकडे. कब्जा १३ डिसेंबर २००५ च्या आधीचा दाखवायचा. त्यासाठी वनखात्याच्या जुन्या दंडाच्या पावत्या शोधा, म्हाताऱ्यांचे जबाब लिहा, जीपीएस घेऊन शेताच्या बांधाबांधाने फिरा. एका पाड्यावर आजोबांनी पत्र्याच्या पेटीतून पावती काढली, घडीवर पार फाटलेली. तिची झेरॉक्स काढायला मला तालुक्याला यावं लागलं. खर्च काय, तर गाडीभाडं, झेरॉक्स आणि लिहिणाऱ्या पोराचं मानधन. एका देणगीदाराने विचारलं, "यात उद्घाटन कधी?" काय बोलणार, भाऊ!

कंपन्यांच्या सीएसआरमध्ये, म्हणजे सामाजिक कामासाठीच्या खर्चात, राजकीय पक्षाला दिलेला पैसा धरत नाहीत, ते ठीकच. पण ग्रामसभेला कायदा समजावणं हे राजकारण नव्हे, एवढं पटवतानाच दमछाक होते.

साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याने जंगल राखलं, त्या कामात पुढे असलेल्या चैत्राम पवारांना २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. ते काम वर्षानुवर्षांचं आहे. देणगीदारांनी निदान एका कार्यकर्त्याचा तीन वर्षांचा पगार द्यावा, आणि एकदा ग्रामसभेत येऊन मागे बसावं. बाकडं आम्ही आणतो.