मी ग्रीक बोलतेय ना, मग मला इंग्रजीत उत्तर का देता?

आज परत तेच झालं. सकाळी पावणेआठला घराखालच्या फूर्नोसमध्ये गेले, फूर्नोस म्हणजे बेकरी, तीन मजले उतरताना वाक्य घोळवत गेले, "था ईथेला मिया बुगात्सा मे क्रेमा, पाराकालो", मला एक क्रीमची बुगात्सा, म्हणजे पातळ पापुद्र्यांची भरलेली पेस्ट्री, हवीये, बस एवढंच, आणि अख्खं वाक्य नीट म्हटलं, तो थ सुद्धा जिभेचं टोक दातांत धरून म्हटला, आपल्या थालीपीठातला थ नाही तो. काउंटरवरची बाई वरही न बघता म्हणते, "सिनॅमन? शुगर? टेक अवे?" मी म्हटलं, "ने, के झाहारी", हो, साखर पण घाला. तर परत इंग्रजीच, "ओके, हॅव अ नाइस डे". मोठ्या सुरीने खटाखट तुकडे केले, वरून पिठीसाखर आणि दालचिनी भुरभुरवली, कागदात गुंडाळून हातात दिलं आणि माझ्या मागे उभ्या असलेल्या आजोबांशी लगेच ग्रीकमध्ये गप्पा सुरू! दोन महिने रोज त्याच दुकानात जातेय मी. रोज ग्रीकमध्ये मागते. एकदाही, एकदाही ग्रीकमध्ये उत्तर मिळालेलं नाही.

फेब्रुवारीपासून मी ग्रीसमधल्या थेस्सालोनिकी शहरात आहे, एका सेमिस्टरचं एक्स्चेंज, पुण्यात आर्किटेक्चर करतेय आणि मला जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचं काम शिकायचंय म्हणून हे शहर मुद्दाम निवडलं, इथे चौथ्या शतकातला रोटुंडा, म्हणजे घुमटाची गोल इमारत, अजून उभा आहे, बायझंटाईन म्हणजे पूर्व रोमन साम्राज्याच्या काळातली तटबंदी आहे, 1917 च्या मोठ्या आगीतून वाचलेली वरची जुनी वस्ती आहे. यायच्या आधी सहा महिने रात्री जागून लिपी शिकले. आणि खरं सांगते, ही भाषा मराठी माणसाला जवळची वाटते. आपल्यासारखी तीन लिंगं आहेत, मूल म्हणजे पेदी, आणि ते नपुंसकलिंगी, अगदी आपल्या 'ते मूल'सारखं. तू आणि तुम्ही वेगळं आहे. हाक मारताना नाव बदलतं, योर्गोसला 'योर्गो' म्हणायचं, आपण देवाला 'देवा' म्हणतो तसं. पहिल्या दिवशी बसवर 'केंद्रो' लिहिलेलं वाचलं आणि कोणी न सांगता कळलं, कारण आपलं केंद्र तिकडूनच आलंय. केवढा आनंद झाला होता मला! अवघड भाग आहेच, एकाच 'इ' साठी पाच प्रकारची स्पेलिंग, आणि आघात जरा इकडचा तिकडे झाला की अर्थच उलटा, 'पोते'मध्ये जोर पहिल्या अक्षरावर दिला तर 'कधी' आणि दुसऱ्यावर दिला तर 'कधीच नाही'. आता हे पुस्तकातून येणारे का? हे बोलून, चुकून, कोणीतरी दुरुस्त करूनच येतं. पण बोलू तर द्या!

आमच्या युनिव्हर्सिटीत एक्स्चेंजवाल्यांसाठी ग्रीकचा वर्ग आहे, आठवड्यातून दोनदा, आणि तो कधी ठेवलाय तर बरोब्बर आमच्या स्टुडिओच्या वेळेत. मी भांडून एक दिवस सुट्टी मिळवली. तर वर्गात काय, व्याकरण इंग्रजीत, सूचना इंग्रजीत, शंका इंग्रजीत, आणि आम्ही गाळलेल्या जागांमध्ये प्रत्यय भरत बसतो. दीड तासात मी मोजून चार वाक्यं ग्रीक बोलले गेल्या मंगळवारी. मोजली मी.

साइट व्हिजिटचं तर बोलूच नका. वर आनो पोलीत, म्हणजे त्याच जुन्या वस्तीत, तटबंदीजवळ गेलो होतो, दगडाचे थर आणि मध्ये विटांचे पट्टे, चुन्याचा दर्जा जागेवर हाताने बघायचा होता मला. सर वीस मिनिटं ग्रीकमध्ये समजावत होते, भिंतीला हात लावून, खाली बसून, मातीत बोटाने रेघा मारून, सगळी ग्रीक मुलं भराभर लिहून घेतायत. मग आम्हा चौघांकडे वळून इंग्रजीत एक वाक्य, "ही बायझंटाईन भिंत आहे, वीट आणि दगड." अहो, ते मला दिसतंय! वीस मिनिटांत काय सांगितलं ते सांगा ना. तिथे एक मास्तोरास होते, म्हणजे आपले मिस्त्री, चुना कालवत होते, मी त्यांना ग्रीकमध्ये विचारलं की यात वाळू किती, ते बोलायला लागले, मला निम्मं कळत होतं, खरंच कळत होतं, तेवढ्यात वर्गातला एक मुलगा मध्ये घुसला आणि इंग्रजीत भाषांतर करायला लागला. मिस्त्री गप्प झाले, त्याच्याकडेच बघून बोलायला लागले. संपलं. मला मदत करायची होती त्याला, कळतं मला, पण मी मागितली होती का मदत?

आणि जिथे खरंच इंग्रजी हवं तिथे मात्र नाही! घराच्या करारासाठी आफिमी लागतो, टॅक्सचा नंबर, त्यासाठी एका सरकारी खिडकीवर दोनदा जाऊन आले. तिथे फॉर्म ग्रीक, भिंतीवरची नोटीस ग्रीक, माणूस फक्त ग्रीक. बरं, मला आनंदच आहे, बोला ना ग्रीक, पण जरा हळू! मी विचारलं हीच खिडकी ना, तर त्याने हनुवटी वर केली आणि भुवया उडवल्या. आपल्याकडे असं केलं की 'काय?' असा अर्थ होतो, म्हणून मी तीन वेळा परत परत विचारलं, आणि तो प्रत्येक वेळी तेच. इकडे त्याचा अर्थ 'नाही' असतो हे मला रात्री कळलं. वर हो ला 'ने' म्हणतात, मराठी कानाला ते पहिले काही आठवडे नाही-च वाटतं. मी म्हटलं, "प्यो आर्गा, पाराकालो", जरा हळू बोला, तर तो हळू नाही बोलला, मोठ्याने बोलला! तेच वाक्य, त्याच वेगात, ओरडून. रांगेतले सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी बहिरी नाहीये हो, मी शिकतेय. डोळ्यांत पाणी आलं होतं माझ्या, रागाने.

फोनवर मावशीला सांगितलं तर ती म्हणते, जर्मन शिकली असतीस तर नोकरीला तरी उपयोग झाला असता. तो विषयच वेगळा, त्यावर नंतर कधीतरी.

पण रात्री झोप लागेना तेव्हा एक गोष्ट आठवली आणि जास्तच वाईट वाटलं. पुण्यात आमच्या हॉस्टेलवर एक मल्याळी मुलगी होती, ती मेसमध्ये "मला भाकरी पाहिजे, अजून एक" असं जमवून जमवून म्हणायची आणि आम्ही सगळ्या लगेच हिंदीवर यायचो. लगेच. कोणी मराठी बोलायचा प्रयत्न करतंय म्हटलं की आपण हिंदीत घुसतो आणि वर म्हणतो, बाहेरून आलेले लोक मराठी शिकत नाहीत! कसं शिकतील? चार वर्षं राहिली ती पुण्यात, जाताना तिला मेनू कार्डापलीकडे मराठी येत नव्हतं आणि तो दोष तिचा नव्हता, आमचा होता. समोरच्याचं अडखळणं आपल्याला दोन सेकंद पण सोसत नाही.

इथे फक्त एका माणसाला ते सोसतं. कापानी मार्केटमध्ये ऑलिव्ह विकणारे एक आजोबा आहेत, सत्तरी-ऐंशीतले, इंग्रजीचा एक शब्द येत नाही त्यांना. मी इंडियाची कळल्यावर डोळे मोठे करून म्हणाले, "नर्गिस!" 1950-60 च्या काळात हिंदी सिनेमे इकडे तुफान चालायचे, त्यांच्या आईने थिएटरात बसून रडून घेतलंय नर्गिससाठी, हे सगळं त्यांनी मला ग्रीकमध्ये सांगितलं, हातवारे करून, आणि मी न समजून नुसती बघत राहिले की तेच परत, वेगळ्या शब्दांत. गिऱ्हाईक थांबलं तरी त्याला थांबवतात. 'पोते' मी चुकीचं म्हटलं तर टेबलावर बोटाने टकटक करून जोर कुठे द्यायचा ते दाखवलं. अर्धा किलो ऑलिव्ह घेते मी दर शनिवारी, मला आवडत पण नाहीत तेवढे.

गुरुवारी त्या खिडकीवर परत जायचंय, तिसऱ्यांदा. आजोबांनी वाक्य दिलंय, कागदाच्या पिशवीवर लिहून, आघाताच्या खुणांसकट. "मिलीस्ते प्यो आर्गा, ओही प्यो दिनाता." हळू बोला, मोठ्याने नको.